बोटीचा भाव करताना

जानेवारी ते मार्च हा अमेरिकेत बोटींच्या प्रदर्शनांचा हंगाम. उत्तरेतली तळी गोठलेली असतात, दक्षिणेतली गारठलेली, आणि शहरातल्या मोठ्या सभागृहांत मात्र गालिच्यावर बास बोटी झगमगत असतात. लार्जमाउथ बास हा मासा पकडण्यासाठीच घडवलेली ही बोट. बसकी, पुढेमागे उभं राहून गळ टाकता येईल असं सपाट डेक, पोटात मासे जिवंत ठेवायची टाकी, मागे दीडशे-दोनशे अश्वशक्तीचं इंजिन आणि नाकावर विजेची छोटी ट्रोलिंग मोटर, गळ टाकताना बोट हळूहळू सरकवायला. वर चमकीचा रंग. गिऱ्हाईक पहिल्यांदा भाळतं ते त्या चमकीवर, आणि बहुतेक वेळा नेमके तिचेच पैसे वेगळे लागलेले असतात.

काचेवर अडकवलेल्या पाटीवरचा आकडा हा बोटीचा भाव आहे, असं धरून चालणारा माणूस तिथेच अर्धी लढाई हरतो. मुळात ही एक वस्तू नाहीच. बोट एकाची, इंजिन दुसऱ्याचं, ट्रेलर कधीकधी तिसऱ्याचा. टेक्ससात तर बोट आणि इंजिन यांची मालकीची कागदपत्रंही वेगवेगळी निघतात आणि ट्रेलरची काउंटीच्या कर कार्यालयात. हे सगळं एका किमतीत बांधून विकायची चाल रुळवली ती बास प्रो शॉप्स या दुकानांचे संस्थापक जॉनी मॉरिस यांनी, १९७८ साली, बास ट्रॅकर या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीपासून. ट्रॅकरचं धोरण अजूनही ‘घासाघीस नाही’ असंच आहे, त्यामुळे तिथे जीभ झिजवू नये. फायबरग्लासच्या महागड्या बोटींकडे वळलं की मात्र बोलायला भरपूर जागा असते.

डीलरला पहिला प्रश्न एकच विचारावा: ‘आउट द डोअर’ किती? म्हणजे दारातून बोट ओढत बाहेर काढेपर्यंतचा सगळा हिशेब, लेखी. पाटीवरच्या आकड्यावर फ्रेट चढतं, म्हणजे कारखान्यातून आणायचं भाडं. मग प्रेप, म्हणजे इंजिन-बॅटऱ्या जोडून बोट चालू करण्याची मजुरी. मग कागदपत्रांची फी, मग कर. समजा, एकाकडे १९ फुटी बोट ५२,००० डॉलरला आहे आणि त्यावर फ्रेट १,९००, प्रेप १,४००, कागदपत्रं २५० चढली, तर करापूर्वीच ती ५५,५५० ला गेली. पलीकडचा ५४,९०० सांगतो, पण सगळं धरून. महाग वाटणारा स्वस्त निघाला.

तेवढ्यावर हुरळू नये. दोन्हीकडची बोट एकच आहे का, हे कागदावर ओळीने मांडून पाहावं. इंजिन किती अश्वशक्तीचं, आणि बोटीवर लावलेल्या कोस्ट गार्डच्या क्षमतेच्या प्लेटवर कमाल किती लिहिलंय? १५० च्या बोटीला ११५ चं इंजिन लावून किंमत खाली दाखवणं ही जुनी मखलाशी. अशी बोट पुढे विकताना हटकून मार खाते. ट्रोलिंग मोटर २४ व्होल्टची, ८० पौंड जोराची, की ३६ व्होल्टची, ११२ पौंडांची? पहिलीला दोन बॅटऱ्या लागतात, दुसरीला तीन, शिवाय इंजिन सुरू करायची वेगळी. त्या बॅटऱ्या आणि चार्जर किमतीत आहेत का? प्रोपेलर स्टेनलेस स्टीलचा की अ‍ॅल्युमिनियमचा? ट्रेलर एका आसाचा की दोन आसांचा, ब्रेक आहेत का, आणि सुटं चाक? सुटं चाक नसणं तर इतकं सर्रास आहे की हायवेवर टायर फुटेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता बोटीच्या मागच्या फळीकडे जावं. उजव्या बाजूला, वरच्या कडेलगत, बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. त्यातली शेवटची चार चिन्हं वाचायला एक मिनिट लागतं आणि ती डीलरची नाडी सांगतात. समजा तिथे ‘जी४२५’ आहे. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, तेव्हा जी म्हणजे जुलै. ४ म्हणजे २०२४. शेवटचे २५ हे मॉडेलचं वर्ष. २०२६ च्या जानेवारीत ही बोट कोरीच म्हणून उभी असेल, पण कारखान्यातून निघून तिला दीड वर्ष झालंय.

डीलरच्या अंगणातला बहुतेक माल त्याच्या स्वतःच्या पैशाचा नसतो. ‘फ्लोअर प्लॅन’ नावाच्या कर्जावर तो बोटी आणून ठेवतो. बोट जितकी उभी राहील तितकं व्याज, आणि ठरावीक महिने उलटले की मुद्दलही फेडायला सुरुवात करावी लागते. नवी मॉडेल्स साधारण जुलै-ऑगस्टात येऊ लागतात. त्यानंतर जुन्या वर्षाची बोट त्याला जड होते. अशा बोटीवर जी सूट मिळते ती मे महिन्यात, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना, स्वप्नातही मिळणार नाही. फक्त हवा तो रंग आणि हवी ती मोटर यांचा हट्ट सोडावा लागतो.

विक्रेता लवकरच विचारतो, ‘महिन्याला किती झेपेल?’ याचं उत्तर देऊ नये. ५०,००० डॉलरचं कर्ज ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४७८ डॉलर, १० वर्षांसाठी ६०७. पहिला आकडा गोड लागतो, पण व्याज ३६,००० च्या घरात जातं. दुसऱ्यात ते २२,८०० च्या आसपास राहतं. किंमत ठरेपर्यंत कर्जाचं नावही काढू नये, आणि जुनी बोट बदल्यात द्यायची असेल तर तीही हातची राखावी. दोन्ही एकदम टेबलावर ठेवलं की डीलर इकडचं तिकडे करून हिशेब गोल करतो. बदली सरसकट टाळू मात्र नये. टेक्ससात बोट-इंजिनावर ६.२५ टक्के कर आहे आणि बदल्यात दिलेल्या बोटीची किंमत त्यातून वजा होते. १५,००० च्या जुन्या बोटीवर ९३७ डॉलर वाचतात. बाहेर विकून डीलरच्या भावापेक्षा निदान तेवढे तरी जास्त मिळत असतील तरच ती खटपट करावी.

सौदा जुळला तरी एक अट करारात लिहून घ्यावी: पाण्यात चाचणी, आणि ती भरल्या बोटीने. डीलर रिकाम्या बोटीवर प्रोपेलर बसवून मोकळा होतो. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की २४० पौंड. वर बॅटऱ्या, दोन माणसं, गळ-आमिषांच्या पेट्या. मर्क्युरी कंपनीच्या १५० अश्वशक्तीच्या फोरस्ट्रोक इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५००० ते ५८०० फेरे घ्यायला हवेत. भरल्या बोटीत ते ४७०० वरच अडत असतील तर इंजिन गुदमरतंय, प्रोपेलरचं पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका पुढे सरकायला हवा ते अंतर, जास्त आहे. पिच एक इंचाने उतरवलं की फेरे दीडशे-दोनशेने चढतात. अशा वेळी दोन इंच कमी पिचचा लावून पुन्हा पाहायचं. ही अदलाबदल पैसे चुकते करण्याआधी फुकट होते, नंतर स्टेनलेसचा दुसरा प्रोपेलर आपल्या खिशातून.

बारीकसारीक मागण्या अगदी शेवटी, सही करायच्या कागदावर पेन टेकलेलं असताना: सुटं चाक, बोटीचं कव्हर, पहिली सर्व्हिसिंग. आकडा आता हलत नाही, हे दोघांनाही कळलेलं असतं, आणि दुकानातल्या वस्तू घाऊक दराने द्यायला डीलरचं मन मोठं होतं. टोपी मागायची गरज नाही, ती देतातच.