पित्तनलिकेतला स्टेंट काढायला गेले तर कागदावर स्टेंटच नव्हता (माझा अनुभव)

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, नाहीतर लिहिता लिहिता राहून जाईल. तुमची किंवा घरातल्या कुणाची ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीतले खडे काढतात ती प्रोसिजर) झाली तर त्याच दिवशी एन्डोस्कोपीच्या रिपोर्टची कॉपी मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड नव्हे, आतले फोटो छापलेला असतो तो रिपोर्ट. आणि त्यात स्टेंट (पित्त वाहतं राहावं म्हणून आत ठेवलेली छोटी नळी) हा शब्द आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. माझे जवळजवळ पाच आठवडे या एका कागदापायी गेले आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

सुरुवात खाजेने झाली. तळहात आणि तळपाय, तेही रात्री जास्त, झोपच लागू देत नव्हती. अंगावर पुरळ काहीच नाही. मी ॲलर्जी समजून मलम लावत बसले, दोन आठवडे फुकट घालवले. मग लघवी गडद पिवळी आणि शौच मातीसारखं फिकट झालं, आणि नवऱ्याने उजेडात बघून सांगितलं की डोळे पिवळे दिसतायत. त्याच रात्री हुडहुडी भरून ताप आला, उजवीकडे बरगडीखाली कळा सुरू झाल्या आणि आम्ही सरळ इमर्जन्सीत गेलो. ताप, कावीळ आणि दुखणं हे तिन्ही एकत्र आलं तर सकाळची वाट बघू नका, पित्ताच्या नळीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तो रक्तात पसरायला वेळ लागत नाही. मला नंतर कळलं की आम्ही बऱ्यापैकी वेळेत पोचलो होतो.

बिलिरुबिन (रक्तातलं कावीळीचं प्रमाण) ९.२ होतं, म्हणजे खूपच वाढलेलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि नळी फुगलेली दिसली, पण नळीच्या खालच्या टोकाला आतड्यातल्या गॅसमुळे नीट दिसत नाही, म्हणून एमआरसीपी केली. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात, आम्हीही गोंधळलो. एमआरसीपी म्हणजे एमआरआय मशीनमध्ये काढलेलं नळ्यांचं चित्र, शरीरात काही घालत नाहीत, पण त्याने खडा निघत नाही. ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नळीत डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून, एक्स-रेवर बघत प्रत्यक्ष काम करणं. माझ्या एमआरसीपीत नळीत दोन खडे स्पष्ट दिसले. शेजारच्या बेडवाल्या काकूंची ईयूएस झाली होती, म्हणजे दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते ती, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं की माझी का नाही. ते म्हणाले, खडा आहे की नाही अशी शंका असती तर आधी तीच केली असती, तुमचा खडा दिसतोय, तापही आहे, आता थेट काढायचाच. हे उत्तर मला पटलं.

ईआरसीपीची मला जेवढी भीती होती तेवढं काहीच झालं नाही. आधी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, कारण पित्त आतड्यात उतरत नसलं की हे व्हिटॅमिन शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, आणि इथे तर आत कापायचं असतं. घशात बधिर करणारा स्प्रे, दातांमध्ये प्लास्टिकची रिंग, पालथं झोपवलं, मान उजवीकडे, झोपेचं औषध, आणि पुढचं मला आठवत नाही. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांची एकाच छोट्या तोंडाने आतड्यात उघडते, ते तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असतं म्हणून या दुर्बिणीचा कॅमेरा समोर न बघता कडेला बघतो. ते तोंड विजेच्या तारेने थोडं कापून मोठं करतात आणि बलूनने खडे ओढून घेतात. ही कापण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी सुरू झाली असं वाचलं तेव्हा खरंच हात जोडावेसे वाटले, त्याआधी माझ्यासारख्या पेशंटचं पोट उघडायला लागायचं.

दुसऱ्या दिवसापर्यंत पोटाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, कारण शंभरात साधारण तीन ते दहा जणांना यानंतर स्वादुपिंडाला सूज येते. ती टाळायला इंडोमेथासिनची गोळी गुदद्वारातून देतात, मलाही दिली. माझं अमायलेज (स्वादुपिंडाची सूज कळते ती रक्ततपासणी) ठीक आलं. चार दिवसांनी सर्जरीवाल्यांनी लॅप्रोस्कोपीने पित्ताशय काढलं आणि मी घरी आले.

आता मुद्द्याचं. ईआरसीपीच्या वेळी नळीत पू सापडला होता. खडे निघाले, पण पित्त वाहतं राहावं म्हणून डॉक्टरांनी प्लास्टिकचा स्टेंट टाकला आणि बाहेर येऊन नवऱ्याला तोंडी सांगितलं, "दहा फ्रेंचची नळी टाकलीय, सहा आठवड्यांनी काढू." (एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे ही नळी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास.) ईआरसीपी केली एन्डोस्कोपी विभागाने, पण डिस्चार्ज कार्ड दिलं सर्जरी विभागाने. त्यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल पानभर लिहिलं आणि आधीच्या प्रोसिजरबद्दल एकच ओळ, ईआरसीपी करून खडे काढले. स्टेंटचा उल्लेख नाही. आम्हीही घरी जायच्या आनंदात वाचलं नाही, ती चूक आमची.

सहावा आठवडा लागला तशी मी एन्डोस्कोपीच्या खिडकीवर तारीख घ्यायला गेले. खिडकीतल्या बाईंनी कार्ड उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, यात स्टेंट कुठे आहे? नसलेला स्टेंट काढायची तारीख कशी देऊ?" मी म्हटलं डॉक्टरांनी सांगितलंय. तर म्हणे लिहून आणा. ज्या डॉक्टरांनी केलं ते महिनाभर बाहेर होते. कॉम्प्युटरवर बघा म्हटलं, त्यांनी माझा नंबर टाकला, तर माझ्या नावावर एन्डोस्कोपीची एकही नोंद नाही! मागून दुसरे एक कर्मचारी म्हणाले, "काही स्टेंट आपोआप पडून जातात, तुमचा पडला असेल."

या वाक्यावर मी जवळजवळ घरी जाणार होते. ज्याला माहिती नसेल तो जाईलच. म्हणून नीट सांगते. आपोआप पडणारे स्टेंट असतात ते स्वादुपिंडाच्या नळीतले, बारीक, सूज टाळायला थोड्या दिवसांसाठी ठेवलेले. ते बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांत पडतात, आणि पडले की नाही हे सुद्धा एक्स-रे काढून बघतात, गृहीत धरत नाहीत. पित्तनलिकेतल्या माझ्यासारख्या स्टेंटला दोन्ही टोकांना छोटे पंख असतात ते मुळात सरकू नये म्हणूनच. क्वचित सरकतोही, पण त्या भरवशावर राहायचं नसतं. प्लास्टिकच्या स्टेंटमध्ये जंतूंचा थर आणि पित्ताचा गाळ साचत जातो, साधारण तीन महिन्यांच्या आत तो काढायचा किंवा बदलायचा असतो, नाहीतर बंद पडतो आणि परत तीच कावीळ, तोच ताप.

तिथून मला पाठवलं सर्जरी ओपीडीत. तिथले डॉक्टर म्हणाले, प्रोसिजर आम्ही केलेली नाही, मग स्टेंट आहे असं आम्ही कसं लिहून देणार, एन्डोस्कोपीतून आणा. परत खिडकी. खिडकी म्हणे रेकॉर्ड रूममधून फाइल काढा. रेकॉर्ड रूममध्ये अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स आणि सात दिवस. सात दिवसांनी गेले तर फाइल बिलिंगकडे गेलेली. बिलिंगवाल्यांनी सांगितलं की फाइल पेशंटच्या हातात देता येत नाही, विभागाने मागवली तर पाठवू. विभाग म्हणजे कोण, तर तीच खिडकी. त्या खिडकीने मागणीपत्र लिहायला अजून चार दिवस घेतले, मग फाइल आली तर त्यात सर्जरीचेच कागद, एन्डोस्कोपीचा रिपोर्टच नाही. मी त्या दिवशी तिथल्या बाकावर बसून रडले. कोणी वाईट बोलत नव्हतं हे कबूल करते, पण माझ्या पोटात एक वस्तू आहे आणि तिची मुदत संपत चाललीय याची घाई माझ्याशिवाय कुणालाच नव्हती.

दहावा आठवडा संपता संपता एका संध्याकाळी थोडी थंडी वाजली. ताप ९९ च्या वर गेला नाही, पण मी रात्रभर डोळे उघडे ठेवून होते. सकाळी ओपीडीत गेले आणि नशिबाने एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही मधे बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "ताई, कागद कशाला शोधताय, पोटाचा साधा एक्स-रे काढू, असेल तर दिसेल." रक्ततपासणी पण लिहून दिली. अर्ध्या तासात फिल्म हातात. मणक्याच्या उजव्या बाजूला पांढरी, जराशी वाकलेली रेघ, अगदी मला सुद्धा ओळखता येईल अशी. पाच आठवडे जे कुणालाच सापडत नव्हतं ते समोर होतं! त्या क्षणी जे हलकं वाटलं ते शब्दात सांगता येत नाही. एक्स-रे घेऊन खिडकीवर गेले आणि चौथ्या दिवशीची तारीख मिळाली.

रिपोर्टचं कोडं पण तिथेच सुटलं. एन्डोस्कोपी रूमच्या टेक्निशियन दादांनी विचारलं, तुम्ही इमर्जन्सीतून आला होतात का? तिथे रात्री तात्पुरता नंबर देतात आणि ॲडमिट केल्यावर दुसरा. माझी ईआरसीपी त्या तात्पुरत्या नंबरावर नोंदली गेली होती आणि दोन नंबर कुणी जोडलेच नव्हते. नवऱ्याच्या फोनमध्ये इमर्जन्सीच्या पहिल्या चिठ्ठीचा फोटो होता, त्यावरचा नंबर टाकला आणि रिपोर्ट उघडला, फोटोंसकट, स्टेंटच्या मापासकट. म्हणून सांगते, पहिली चिठ्ठी, कितीही चुरगळलेली असली तरी, तिचा फोटो काढून ठेवा.

स्टेंट काढणं म्हणजे पाचसात मिनिटांचं काम. डाय नाही, कापणं नाही, दुर्बिणीतून फासात पकडून ओढून घेतात, घसा एक दिवस खवखवतो बस. मी मुद्दाम दाखवा म्हटलं. निळ्या नळीचं आतलं भोक तपकिरी गाळाने जवळजवळ भरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आलात.

काही गोष्टी आठवतील तशा लिहिते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तारीख घेतानाच सांगा, काही गोळ्या पाचसात दिवस आधी थांबवायला लागतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःहून एकही बंद करू नका. डायबेटिसच्या गोळ्यांचं पण विचारा, कारण सहा ते आठ तास उपाशी राहायचं असतं. कवळी काढून ठेवा, हलणारा दात असेल तर सांगा. स्टेंट प्लास्टिकचा की मेटलचा हे विचारा, मुदत वेगवेगळी असते. आतलं तोंड कापलं असेल तर काही दिवसांनी सुद्धा रक्तस्राव होऊ शकतो, शौच डांबरासारखं काळं दिसलं, किंवा पाठीपर्यंत जाणारं पोटदुखणं, उलट्या, ताप असं काही झालं तर फोन करत बसू नका, सरळ जा. आणि सहा आठवडे सांगितले असतील तर चौथ्या आठवड्यातच खिडकीवर जा, मी सहाव्यात गेले.

दोन आठवड्यांनी बिलिरुबिन ०.७ आलं. खाज तर पहिल्या ईआरसीपीनंतर काही दिवसांतच गेली होती. मी अर्ज देऊन डिस्चार्ज कार्ड दुरुस्त करून घेतलं, त्यालाही तीन चकरा पडल्या पण सोडलं नाही. आता त्यावर स्टेंट टाकल्याची तारीख आहे, काढल्याची तारीख आहे आणि खाली दोन्ही विभागांच्या सह्या आहेत.