पायथनच्या लिस्टमधून इंडेक्सनुसार घटक काढताना

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत माझ्याकडे मापनांची एक लांबलचक लिस्ट, म्हणजे क्रमाने लावलेली यादी होती, आणि त्यातली सदोष मापनं कुठे आहेत हे सांगणारी इंडेक्सची, म्हणजे जागांच्या क्रमांकांची, दुसरी लिस्ट. सदोष तेवढी काढायची होती. एकच घटक असता तर त्या जागेचा घटक पुसणारं ‘डेल’ पुरतं. काढलेला घटक हातात हवा असेल तर ‘पॉप’. ‘रिमूव्ह’ इथे कामाचं नाही. ते इंडेक्स नाही, किंमत बघतं, आणि तीच किंमत आधी कुठे आली असेल तर तिथलाच घटक उडवतं. मापनांमध्ये सारखे आकडे असतातच.

खरी मेख अनेक घटक काढण्यात आहे. कोड लिहिण्याआधी मी कागदावर क, ख, ग, घ, च अशी अक्षरं मांडली. इंडेक्स ० पासून, म्हणजे १ आणि ३ काढायचे तर ख आणि घ जायला हवेत. ख काढला की पुढचे सगळे एकेक घर डावीकडे सरकतात आणि ३ वर च येऊन बसतो. घ राहतो, च जातो. पायथन चकार शब्द काढत नाही. इंडेक्स लिस्टच्या बाहेर पडला तरच एरर येते. मला हेच सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण पुढची सगळी आकडेमोड सुरळीत होते, फक्त चुकीच्या मापनांवर.

त्यामुळे मोठ्या इंडेक्सकडून लहानाकडे यायचं. आधी ३, मग १. नंतरचा घटक गेल्याने आधीच्यांच्या जागा हलत नाहीत. इंडेक्सचा आधी सेट केला, म्हणजे एकच आकडा दोनदा न ठेवणारा संग्रह, नाहीतर दोनदा आलेल्या इंडेक्सपायी शेजारचा चांगला घटकही जातो.

पण प्रत्येक ‘डेल’ मागे उरलेली सगळी रांग सरकवतं, आणि लिस्ट मोठी असली की ते जाणवतं. शेवटी मी प्रत्येक घटकासोबत त्याचा इंडेक्स देणारं ‘एन्युमरेट’ घेऊन लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत नवी लिस्ट बनवणारी रचना, लिहिलं: ज्याचा इंडेक्स सेटमध्ये नाही तेवढाच घटक ठेवायचा. एका फेरीत काम होतं, आणि इंडेक्स मूळ लिस्टचेच राहतात. यातून नवी लिस्ट तयार होते, म्हणून ती पूर्ण स्लाइसमधून, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या तुकड्याच्या जागी, जुन्या लिस्टमध्येच भरली. इतर फंक्शनं ती जुनी लिस्टच वापरत होती.

तपासायला लांबी मोजून भागत नाही, घ-च ची गल्लत झाली तरी लांबी बरोबरच येते. मी ० पासून क्रमाने आकडे देणाऱ्या ‘रेंज’पासून अशी लिस्ट केली की प्रत्येक घटक स्वतःच्या इंडेक्सइतका असेल. काढायचा एकही आकडा उरला नाही आणि ठेवायचा एकही गेला नाही, हे पाहिल्यावरच मापनांना हात लावला.