परवान्याची बंदूक आणि उमर्टीचा कट्टा

शस्त्र परवाना सोपा करावा की अवघड, यावर भांडणारे दोन्हीकडचे लोक अमेरिकेचे दाखले देतात. आपल्याकडे यातला ‘शस्त्र हा नागरिकाचा हक्क आहे का’ हा भाग केव्हाच निकालात निघाला आहे. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पण डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती नामंजूर झाली. म्हणून १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदूक ही परवानगीची गोष्ट आहे. (कर्नाटकातल्या कोडगूचे कोडव आणि तिथले जम्मा म्हणजे वंशपरंपरागत जमीनधारक अपवाद, त्यांची परवान्यातून सूट २०२९पर्यंत आहे.)

परवाना हवा असेल तर पोलिस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे अर्ज, सोबत शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. मग पोलिस ठाण्याचा अहवाल. तो मुदतीत आला नाही तर त्याच्याविनाही निर्णय देता येतो, हे अर्जदारांना सहसा ठाऊक नसतं. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्याच्या कलम १४मध्येच आहे. २०१९पासून माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं. वरातीत हवेत बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही तरतूद योग्यच. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

एवढी सगळी चाळण कोणासाठी? ज्याने स्वतःहून आपलं नाव-पत्ता सरकारला दिला त्याच्यासाठी. निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची नोटीसही त्यालाच. पुण्या-जळगावकडच्या गुन्ह्यांत सापडणारं गावठी पिस्तूल, म्हणजे कट्टा, मात्र बऱ्याचदा चोपडा तालुक्याला खेटून असलेल्या, मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येतं. त्याला ना नंबर, ना नोंद. परवाने निम्मे केले काय नि दुप्पट केले काय, तो पुरवठा आटत नाही. परवान्याच्या बंदुकीनेही भाऊबंदकीत आणि दारूच्या भरात माणसं मरतात. त्यामुळे चाळण हवीच, पण तिच्याकडून टोळ्या आवरण्याची अपेक्षा चुकीची.

खरी गळती खटल्यात आहे. विनापरवाना शस्त्राला आता दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे, पण कलम ३९नुसार खटल्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. ती घेतलीच नाही, किंवा शस्त्र आणि कागद न पाहता ठरावीक मजकुरावर सही झाली, की बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. जप्तीच्या जागी कट्टा सीलबंद केला नाही, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता याची नोंद नाही, गोळी सुटते की नाही याचा अहवालच नाही, वर पंच फितूर. एवढं झाल्यावर आरोपी सुटतो, आणि त्याला पुढचा कट्टा घ्यायला कुठलाही अर्ज भरावा लागत नाही.