३० टक्के वेगासाठी २४ हजार?

एप्रिलमधली दुपार, तीन वाजलेले, वरच्या खोलीत पत्रा तापलेला. टॉवेलच्या किनारीवरची वेल मी उलटी करून दुसऱ्या बाजूला बसवत होते आणि टॅबलेट थांबला. बंद पडला नाही, नुसता थांबला. बोट लावलं की पाच-सहा सेकंदांनी हलायचा. तिकडे कारखान्यातून तिसरा फोन: "ताई, डिझाइन कधी पाठवताय? माग रिकामा आहे."

रिकामा माग म्हणजे काय ते सोलापुरात सांगावं लागत नाही. मी त्याच क्षणी ठरवलं, हा डबा बदलायचा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांना टॉवेल आणि चादरींची डिझाइनं काढून देते. माझ्याकडचा आयपॅड दहाव्या पिढीचा, २०२३ च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत नवी पेठ गाठून ४४,९०० रुपयांना घेतलेला. ६४ जीबीचा. तेव्हा ६४ पुरतील असं वाटलं होतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पुन्हा नवी पेठ. दुकानातल्या पोराने नवा काढून हातात दिला. मार्च २०२५ मध्ये आलेला, ए१६ चिप, १२८ जीबी, किंमत ३४,९००. "मॅडम, तुमच्यापेक्षा ३० टक्के फास्ट. एआय वगैरे सगळं आहे." माझा जुना उलटसुलट करून पाहिला, कोपऱ्यावरचा पोचा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "११ हजार धरू." म्हणजे वरून २३,९०० घालायचे. मला एका डिझाइनचे साधारण १५०० मिळतात. सोळा डिझाइनं. सोळा डिझाइनं म्हणजे सणासुदीच्या ऑर्डरी नसताना माझा महिना.

घरी आले, जेवले आणि दोन्ही टॅबलेटांची माहिती समोरासमोर लावून बसले. आधी ते एआयचं पाहिलं. ॲपलचं जे एआय आहे त्याला आयपॅडमध्ये एम१ किंवा त्यापुढची चिप लागते, नाहीतर आयपॅड मिनीमधली ए१७ प्रो. ए१६ वर ते चालत नाही. म्हणजे ते माझ्या जुन्यात नाही आणि नव्यातही नाही. पोराचा दोष नाही, हल्ली फ्रीज विकतानाही एआय म्हणतात.

मग स्क्रीन. जुना १०.९ इंची म्हणून विकला गेला, नवा ११ इंची म्हणून. मी खूश झाले होते. पण पिक्सेल मोजले तर दोन्हीकडे २३६० बाय १६४०. स्क्रीन तीच, आकडा तेवढा पूर्ण करून घेतलाय. वजन तेच, ४७७ ग्रॅम. काच आणि चित्र यांच्यातली ती बारीकशी पोकळीही तशीच, जिच्यामुळे पेनाचं टोक एकीकडे आणि रेघ केसभर पलीकडे वाटते. पेनही तेच. मला रेघ जाड-बारीक करायला दाबाची जाण असलेलं पेन लागतं. यूएसबी-सीवालं स्वस्त पेन दाब ओळखत नाही, म्हणून पहिल्या पिढीचं वापरते आणि ते चार्ज करायला एक बोटाच्या पेराएवढा ॲडॅप्टर लागतो. तो माझ्याकडून आतापर्यंत दोनदा हरवलाय. एकदा शिकेकाईच्या डब्यात सापडला. नवा टॅबलेट घेतला तरी तो ॲडॅप्टर माझ्या नशिबी आहेच.

राहिली चिप. माझ्यातली ए१४ ही २०२० ची. नव्यातली ए१६ ही २०२२ ची, आयफोन १४ प्रोमध्ये आलेली, आणि आयपॅडमध्ये देताना तिचा सहापैकी एक कोर, म्हणजे काम ओढणारा एक भाग, कमी केलेला. ३० टक्क्यांचा आकडा कंपनीचाच आहे, तोही "जवळपास ३०" असा. खोटा नाही. पण कशाचे ३० टक्के? माझं काम दिवसातून किती वेळ चिपसाठी खोळंबतं, हेच मला माहीत नव्हतं.

म्हणून एक वही केली. चार दिवस, जिथे जिथे टॅबलेटसाठी थांबावं लागलं तिथे वेळ आणि कारण लिहायचं. पहिल्या दिवशी कंटाळा आला, पण दुसऱ्या दिवसापासून वहीतच मजा वाटायला लागली. सकाळी सात ते दहा या वेळात चारही दिवस मिळून तीन नोंदी. दुपारी दोन ते पाच या वेळात एकवीस. चिप तीच, फाइल तीच, हात तोच. बदललेलं एकच होतं, पत्र्याखालची हवा.

हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं. हे टॅबलेट ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत असं कंपनी स्वतः सांगते. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या खाली बोलत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत तर बाहेरचं ऊन परवडलं. गरम झालं की टॅबलेट स्वतःला वाचवायला चिपचा वेग कमी करतो, स्क्रीन अंधूक करतो, चार्जिंग मंद करतो. आणि मी काय करायचे? जाड रबरी कव्हर घालून, चार्जरला लावून, त्याच्यावरच काम. उन्हाळ्यात घोंगडी पांघरून पळायला लावल्यासारखं.

पण सकाळच्या तीन नोंदी उरतातच ना. आणि दुपारच्यांपैकीही सगळ्या उष्णतेच्या नव्हत्या. बऱ्याच ठिकाणी मी लिहिलं होतं, "जागा संपली" आणि "लेयर संपले".

ही वही नान्नांच्या हाती लागली. आम्ही घरात तेलुगू बोलतो, वडिलांना नान्ना म्हणतो, सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं पावलोपावली. नान्नांनी पस्तीस वर्षं जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच केली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्राफच्या कागदावर डिझाइन चौकटी-चौकटींनी रंगवलेलं असायचं. त्यातली एक आडवी ओळ म्हणजे एक पीक, म्हणजे एकदा टाकलेला आडवा धागा, आणि एका पिकाला एक कार्ड. कार्डात भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याच्याबरोबर उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथला खाली राहतो. सहाशे पिकांचं फूल असेल तर सहाशे कार्डं, ओळीने दोरीत ओवलेली. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीवर त्याच जागी तीच चूक. नान्ना अजूनही कुणाच्या घरी चादर अंथरलेली दिसली की आधी पाकळीची कड बघतात.

वही वाचून त्यांनी विचारलं, "लेयर संपले म्हणजे काय?"

मी दाखवलं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. प्रोक्रिएट या चित्र काढायच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा, तितके लेयर कमी मिळतात. ते टॅबलेटच्या रॅमवर, म्हणजे काम चालू असताना वापरायच्या मेमरीवर ठरतं. माझा कॅनव्हास ६००० बाय ८०००, म्हणून लेयर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

"६००० काय?"

"घरं समजा. ग्राफची घरं."

"आणि मागाला हूक किती?"

"१३४४."

नान्ना थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मग उरलेली घरं कोण विणणार?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. ६००० ची सवय मला छापील बेडशीटच्या कामातून लागलेली. छपाईला बारकावा लागतो, मोठं काढलेलं कधीच वाया जात नाही, असं तिथे शिकले आणि ते तसंच इकडे आणलं. विणलेल्या कापडाला ते लागू नाही. कारखान्यातला ऑपरेटर माझी ६००० ची फाइल घेऊन संगणकावर १३४४ ला दाबायचा, त्यात माझ्या बारीक शिरा नाहीशा व्हायच्या, मग तो फोन करायचा, "ताई, पानाच्या शिरा आल्या नाहीत," आणि मी पुन्हा जाड करून पाठवायचे. त्यात टॉवेल असेल तर आणखीनच. लूपच्या कापडावर बारीक रेघ लूपमध्येच बुडते. म्हणजे मी टॅबलेटला घाम फोडून जे काढत होते, ते मागापर्यंत पोचतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी २६८८ रुंदीचा कॅनव्हास घेतला, म्हणजे हुकांच्या बरोबर दुप्पट. थेट १३४४ वर काढून पाहिलं होतं, पण वळणं दातेरी होतात आणि हाताला मजा येत नाही. दुप्पट ठेवून शेवटी निम्मं केलं की कड नीट बसते. लेयर आता मला कधी लागतील त्याहून जास्त मिळतात. ऑपरेटरचे शिरांवाले फोन बंद झाले हा वरचा फायदा, तो मी हिशोबात धरला नव्हता.

जागेचं कोडं त्याहून साधं निघालं. प्रोक्रिएट तुम्ही काढत असता तेव्हा गुपचूप टाइम-लॅप्सचं चित्रण करत असतं, आपण बंद केलं नाही तर. माझ्या आतापर्यंतच्या प्रत्येक डिझाइनचा सिनेमा त्या ६४ जीबीत साठला होता. कोण बघणार होतं? सगळे पुसले, पुढचं चित्रण बंद केलं, जुन्या ऑर्डरी एका यूएसबी-सी पेनड्राइव्हवर हलवल्या. कॉपी व्हायला पूर्ण संध्याकाळ गेली, कारण या टॅबलेटचं पोर्ट यूएसबी २ च्या वेगाचं. नव्याचंही तेच आहे, हेही तेव्हाच पाहून ठेवलं.

तरीही मनात किडा होताच. आपण पैसे वाचवण्यासाठी स्वतःची समजूत तर घालत नाही ना?

मे महिन्यात बहिणीचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला. इंजिनिअरिंगला आहे आणि त्याच्याकडे नेमका तो नवा ए१६ वाला. मी त्याला दारातच पकडलं. "पिन्नी, पाणी तरी पिऊ दे," म्हणाला. पिन्नी म्हणजे मावशी. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि दही असं पोटभर झाल्यावर आम्ही दोघं खालच्या खोलीत बसलो, दोन टॅबलेट, एकच फाइल, मोबाइलवर स्टॉपवॉच.

जुनी ६००० ची फाइल ॲपमधून बाहेर काढायला माझ्याला ४१ सेकंद, त्याच्याला ३२. फरक आहे, दिसतो. मोठ्या कॅनव्हासवर त्याच्याकडे लेयरही जास्त मिळाले. तिथे चिपपेक्षा रॅम बोलते. ॲपल आयपॅडच्या रॅमचा आकडा छापत नाही, पण माझ्यात ४ जीबी आणि त्याच्यात ६ जीबी आहे हे आता सर्वांना ठाऊक आहे. नव्याच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायचं तर ही गोष्ट ३० टक्क्यांपेक्षा मोठी. मात्र २६८८ ची फाइल दोन्हीकडे एवढ्या पटकन निघाली की स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाचीच चूक जास्त असावी. रेघ ओढताना तर डोळे मिटून टॅबलेट बदलून दिले असते तरी मला ओळखता आलं नसतं.

मग मी दोन्ही वर पत्र्याखाली नेले. दुपारचे तीन. अर्ध्या तासात दोघांच्याही स्क्रीन अंधूक. भाच्याने फ्रीजमध्ये ठेवायची कल्पना काढली. नान्ना खालूनच ओरडले, आत पाणी सुटेल म्हणून. बरोबर होतं त्यांचं. थंड वस्तू गरम हवेत काढली की तांब्याला घाम सुटतो तसा तिलाही सुटतो, आणि सगळा बाहेरूनच सुटेल असं नाही.

माझं टेबल आता खाली मधल्या खोलीत आहे, नान्नांच्या पलंगाशेजारी. खोलीला वर दुसरा मजला असल्यामुळे ती पाच-सहा अंशांनी तरी थंड वाटते. कव्हर काम करताना काढून ठेवते. चार्जिंग जेवणाच्या वेळेत. मोठी ऑर्डर असेल तर सकाळी सातला बसते आणि दुपारी हिशोब, फोन, झोप. सगळा खर्च पेनड्राइव्हचा आणि एका टेबल फॅनचा. गैरसोय एकच, की नान्ना आता प्रत्येक पाकळीवर मत देतात.

नवा कधीच घेणार नाही असं नाही. एका मालकांनी परदेशी गिऱ्हाइकासाठी पूर्ण बाथ टॉवेलचं चित्र मागितलंय, अंथरलेला, घडी घातलेला, कपाटात रचलेला, सगळ्या रंगांत. ते काम छपाईच्या मापाचं, तिथे मोठा कॅनव्हास आणि लेयर दोन्ही लागतात. तसली महिन्याला दोन-तीन कामं यायला लागली तर ४ आणि ६ जीबीचा फरक मला पैशात दिसेल. सध्या वर्षाकाठी एखादं येतं, आणि ते मी तुकड्या-तुकड्यांत काढून जोडते.

परवा नवी पेठेतून त्या पोराचा फोन आला. एक्स्चेंजमध्ये हजार रुपये वाढवून देतो म्हणाला. मी विचारलं, "नव्याला पेन नुसतं कडेला चिकटवलं की चार्ज होतं का?"

"नाही मॅडम, त्यासाठी आयपॅड एअर घ्यावा लागेल. तो बराच महाग आहे."

मी बरं म्हणून ठेवून दिला आणि ॲडॅप्टर शोधायला लागले. या वेळी तो नान्नांच्या चष्म्याच्या घरात निघाला.