फ्लोरिडात नादार कोण ठरतो?

अटकेच्या वेळी पोलिसांनी म्हटलेले ‘वकील परवडत नसेल तर सरकार देईल’ हे वाक्य अमेरिकन मालिकांमुळे आपल्याकडेही पाठ झालेले आहे. मात्र परवडत नाही, म्हणजे कायद्याच्या भाषेत माणूस ‘नादार’ आहे, हे कशावरून ठरते, ते फ्लोरिडातल्या टॅम्पामध्ये एका ओळखीच्या मराठी विद्यार्थ्याबरोबर असा वकील मिळण्यासाठीचा अर्ज भरायला बसलो तेव्हा नीट कळले.

हा हक्क देशभर लागू झाला तो याच राज्यातल्या क्लॅरन्स गिडियन नावाच्या आरोपीमुळे. सरकारी खर्चाने वकील मागितला असता न्यायाधीशांनी नकार दिला, म्हणून त्याने तुरुंगातून सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली आणि 1963 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. त्याच फ्लोरिडात आज नादारीच्या अर्जालाच 50 डॉलर शुल्क आहे, हे मला जरा विचित्रच वाटते. (ते तिथल्या तिथे भरता आले नाही म्हणून अर्ज मात्र अडत नाही.)

उत्पन्नाची मर्यादा केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या दुप्पट, म्हणजे 2025 च्या आकड्यांनुसार एकट्या माणसासाठी वर्षाला 31,300 डॉलर आहे. विद्यार्थी तीत सहज बसत होता. अडचण आली ती मालमत्तेच्या रकान्यात. राहते घर आणि 5,000 डॉलरपर्यंतची एक गाडी वगळून 2,500 डॉलर किंवा अधिक मूल्याची मालमत्ता असेल, तर अर्जदार नादार नाही असे गृहीत धरले जाते, आणि वडिलांनी पुण्यातल्या फ्लॅटवर याचे नाव हौसेने लावलेले होते. खोटी माहिती देणे हाही गुन्हाच असल्यामुळे त्याने फ्लॅट लिहिला आणि न्यायालयाच्या लिपिकाने अर्ज नामंजूर केला. त्यात लिपिकाचा दोष नाही. अर्जातली माहिती निकषांशी ताडून पाहणे एवढाच त्याला कायद्याने अधिकार आहे. फेरविचार न्यायाधीशांकडे मागता येतो. त्यांनी खाजगी वकिलाची फी किती पडेल आणि तो फ्लॅट विकून पैसे हाती येणे शक्य आहे का, हे विचारून वकील नेमून दिला.

आपल्याकडे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. फ्लोरिडात कोठडीत असलेल्यालाही हाच अर्ज भरावा लागतो. शिवाय 5,000 डॉलर किंवा त्याहून मोठ्या रकमेच्या जामिनावर सुटका झालेली असल्यास फेरविचारात न्यायाधीश तीही विचारात घेतात, त्यामुळे मित्रांनी वर्गणी काढून जामीन भरला असेल, तर ते पैसे कोणाचे होते हे न्यायालयात स्पष्ट सांगावे.