आमची वाटचाल : रिजेक्ट नग मोल्डरच्या पुढ्यात

बेळगावच्या उद्यमबागेत पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्हची झाकणं असे ग्रे आयर्नचे (बिडाचे) छोटे नग ओतणारी आमची फाउंड्री आहे. ओतलेल्यातले काही नग सदोष निघून भट्टीत परत जाणारच. ते का गेले, हे ऑफिसात बसून कळत नाही. साच्याची वाळू कालवणाऱ्याला, कोअर (नग आतून पोकळ ठेवणारा वाळूचा गाभा) बसवणाऱ्याला, ओतलेले नग साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला ते ठाऊक असतं. त्यांच्याकडून ते काढून घ्यायची पद्धत बसवणं, हीच आमची खरी वाटचाल.

सूचनापेटीचा आमच्याकडे उपयोग नाही. मोल्डर, म्हणजे साचा भरणारा, मराठी, मशिनवरचा कन्नड, भट्टीवरचा हिंदी बोलणारा. चिठ्ठी कुठल्या लिपीत लिहायची? म्हणून पाळी सुरू होताना दहा मिनिटं कालचे रिजेक्ट नग टेबलावर मांडतो, दोषाभोवती खडूनं गोल. टेबल साच्यांजवळच हवं, केबिनपाशी नको. आधी फेटलिंगवाला बोलतो, कारण चिकटलेली वाळू आणि भोकं पहिल्यांदा त्याच्याच हाताला लागतात. मालकानं शेवटी बोलायचं. तो आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

नग कुणाच्या साच्यातला, कुठल्या हीटचा (भट्टीच्या कुठल्या वितळणीचा) हे कळल्याशिवाय चर्चा फुकट. खडूची खूण शॉट ब्लास्टिंगमध्ये (छर्ऱ्यांचा मारा करून साफ करताना) उडते, म्हणून वाळूतच अक्षर दाबायचं. त्यासाठी लोखंडावर ठोकायचे पंच घेऊ नका, नगावर अक्षर उलटं उठतं. पॅटर्नवर (ज्यावरून साचा भरतात त्या नमुन्यावर) लावायची सरळ अक्षरं घ्या. जागा मशिनिंग न होणाऱ्या बाजूची.

कुणी बदल सुचवला, समजा जास्तीचे व्हेंट (वायू बाहेर पडायला वाळूत मारलेली बारीक भोकं), तर लगेच सगळीकडे लावायचा नाही. एकाच लॅडलमधून (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यातून) भरायच्या रांगेत एक बॉक्स (चौकटीत भरलेला साचा) नव्या पद्धतीचा, पुढचा जुन्या, असे आलटूनपालटून. पहिले नवे आणि शेवटचे जुने ठेवले तर तुलना फसते: लॅडल रिकामी होईपर्यंत धातू थंडावतो, शेवटच्या बॉक्सांत कोल्ड शट (धातूच्या धारा एकजीव न झाल्याच्या फटी) येतात आणि नवी पद्धत उगीच चांगली ठरते. एका वेळी एकच बदल. सुचवणाऱ्याला आठवड्याच्या आत उत्तर, ‘नाही’ असलं तरी कारणासकट. उत्तर मिळालं नाही तर तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

या टेबलावर सगळ्यात जास्त हाती लागतं ते वाळूचं. ग्रीन सँडमध्ये (चिकणमाती-पाणी कालवलेल्या साच्याच्या वाळूत) पाणी साधारण ३ ते ४ टक्के हवं. जास्त झालं की वाफ होऊन ब्लो होल (नगात वायूची भोकं), कमी झालं की कडा ढासळून वाळू आत पडते. सकाळच्या नगांत ब्लो होल आणि दुपारच्यांत वाळू, असं दिसलं तर मोल्डरवर ओरडण्याआधी मिक्सरवाल्याला विचारावं. परत आलेली वाळू ५० अंशांच्या वर गरम असली की मिक्सरमध्ये बरोबर वाटलेलं पाणी साचा भरेपर्यंत उडतं. मग मिक्सरवाला अंदाजानं पाणी वाढवतो, आणि तेच माप सकाळच्या गार वाळूला जास्त होतं. उपाय साधा: वाळू पसरून गार करायची, पाणी आणि बेंटोनाइटला (वाळू बांधून ठेवणाऱ्या चिकणमातीला) रेघ मारलेला डबा, आणि मुठीत दाबून मोडून पाहायची सवय सगळ्यांना.

रेघेचा डबा पावसाळ्यात जास्त लागतो. खानापूरकडची माणसं भातलावणीला जातात, बदली हात येतात. त्याच दिवसांत उघड्यावरची नवी वाळू भिजलेली असते आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले) कोअर ओल धरून ठिसूळ होतात. कोअर त्याच दिवशी वापरायचे, हा नियम कोअरवाल्या बायकांनीच घालून दिलाय.

खरी गाठ नगावरच्या मजुरीची. बॉक्स मोजून पैसे असतील तर मोल्डर व्हेंट मारण्यात वेळ घालवणार नाही, आणि आपण त्याला दोष देऊ नये. उलट फक्त चांगले नग मोजले तर भट्टीच्या चुकीची शिक्षा त्याला होते. आम्ही दोष वाळू, कोअर, धातू, पॅटर्न अशा चार खात्यांत टाकतो आणि कुठल्याच खात्याची मजुरीतून कापणी करत नाही. कापणी आली की दुसऱ्या दिवसापासून रिजेक्ट नग टेबलाऐवजी भंगारात लपतात. सुपरवायझरला डावललं गेल्यासारखं वाटू नये म्हणून चाचणीचा हिशेब त्याच्याच हातात.

पृष्ठभागाखालची भोकं मात्र गिऱ्हाइकाच्या लेथवरच उघडी पडतात. तिथून फोटो मागवत नाही, नग मागवतो. माल घेऊन जाणारा टेंपो परत येताना ते घेऊन येतो.