किंवा अन्यथा

2023 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली. मला वाटलं, पोराच्या जामिनाचं विचारायला आली असेल. पण ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "ताई, जेलात मुलाखतीला गेलो तर पोरगं निस्तं गाडीचं थांबं म्हणतंय."

पोरगा चोवीस वर्षांचा, वडापवर, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीवर ड्रायव्हर. मारामारीचा गुन्हा, न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा होता. कारागृहाचं नाव लिहीत नाही. ते कोल्हापूर जिल्ह्याबाहेरचं आहे.

मी वकीलपत्र घेऊन गेले. समोर आला तेव्हा तो लांबच्या माणसाला हाक मारावी तसा मोठ्यानं बोलत होता. बोलता बोलता थांबला आणि सुरू झाला, "कूर, मुदाळ तिट्टा, बिद्री, इस्पुर्ली, कळंबा." मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "गाडी भरून कोल्हापूरला सोडतो, मॅडम. एका फेरीला बराच वेळ जातो. दिवसाला बारा फेऱ्या होतात." सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास बाहेर, बाकी दिवसभर एकटा. त्या दिवशी एक्केचाळीसावा दिवस होता.

जेलर सरळ माणूस होते. त्यांनी काही लपवलं नाही. "शिक्षा नाही ही, मॅडम. बराकीत त्याला मारलं, म्हणून सेपरेटला ठेवलाय. उद्या त्याला काही झालं तर तुम्हीच आम्हाला जाब विचाराल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बराकी खचाखच भरलेल्या असताना मार खाल्लेल्या पोराला ठेवायचं कुठं, याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. पण घोडं पेंड खातं ते इथंच. आपल्याकडे एकांतवासावरची देखरेख जागी होते ती 'शिक्षा' हा शब्द कागदावर आला की. सुनील बत्रा या कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1979 मध्ये सांगितलं, की सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय कुणालाही शिक्षेच्या कोठडीत टाकायचं नाही आणि तातडीनं टाकावंच लागलं तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. दंड संहितेप्रमाणे तर खुद्द न्यायालयानं शिक्षेचा भाग म्हणून एकांतवास दिला, तरी तो सलग 14 दिवसांच्या पुढे जात नाही. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियम 15 दिवसांवर रेघ ओढतात. आणि या पोरावर गुन्हा शाबीत झालेला नव्हता, तुरुंगातली शिक्षाही झालेली नव्हती. त्यामुळं त्याचे दिवस कुणीच मोजत नव्हतं.

मी लेखी अर्ज दिला. उत्तर आलं: सदर बंद्यास कोणतीही शिक्षा दिलेली नसून सुरक्षेच्या कारणास्तव स्वतंत्र ठेवले आहे, सबब सत्र न्यायालयास कळविण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

त्या रात्री 1894 चा तुरुंग कायदा पुन्हा काढून बसले. कलम 29. कोठडीतल्या बंद्याला कोणत्याही वेळी अधिकाऱ्यापर्यंत आवाज पोचवता आला पाहिजे. आणि 24 तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत ठेवलेल्या प्रत्येकाला, मग ते शिक्षा म्हणून असो किंवा अन्यथा, वैद्यकीय अधिकाऱ्यानं किंवा त्याच्या हाताखालच्या माणसानं दिवसातून किमान एकदा पाहिलं पाहिजे. किंवा अन्यथा! इंग्रजांच्या काळातल्या कायद्यातले हे दोन शब्द मी आधी कितीदा तरी वाचले असतील, पण त्यांच्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं. पंधरा वर्षं मी तुरुंगात विधी सहाय्यासाठी जाते. आमच्यातले कित्येक जण हजेरीवहीत सही करून, दोन-चार बंद्यांना पुढची तारीख सांगून परततात. सेपरेटच्या गल्लीत कोण आहे, हे आम्ही विचारतच नाही. पाहणीचे दौरे आधी कळवून येतात, तेही बराकी आणि भटारखाना बघून जातात.

दुसऱ्या अर्जात मी एकच गोष्ट मागितली: एक्केचाळीस दिवसांच्या डॉक्टरी तपासणीच्या नोंदी, तारीखवार, सहीसह, प्रमाणित प्रत.

प्रत आली नाही. अर्ज पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गणतीनंतर पोराला दुसऱ्या सर्कलच्या बराकीत हलवलं. म्हणजे जागा होती.

माझी रिट याचिका तेव्हा लिहून तयार होती. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन उच्च न्यायालयात दाखल करायची, एवढंच राहिलं होतं. बाई म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या ताई. पोरगं माणसांत आलंय. केस घातली तर पुन्हा त्येला तितंच न्हेऊन टाकतील." मी थांबले. पुढे दिवाळीआधी त्याला जामीन झाला.

पण ते एक्केचाळीस दिवस कुठल्याच निकालात नाहीत. डॉक्टर रोज आला होता की नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

हे आता लिहितेय, कारण 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. माझ्या ऑफिसातून चालत जाता येतं. भुदरगडची बाई सकाळची एसटी धरून सुनावणीला येऊन बसू शकते. राज्यानं 2024 मध्ये कारागृहांचं नवं विधेयकही मंजूर केलं. माझं मागणं एवढंच आहे, की वेगळं ठेवण्याला नाव काहीही द्या, पण तिसऱ्या दिवशी त्याची खबर सत्र न्यायाधीशांच्या टेबलावर गेली पाहिजे आणि कोठडीच्या दारावर दिवसांचा आकडा लिहिलेला दिसला पाहिजे. याचिकेतल्या विनंतीच्या परिच्छेदात आता तसं घातलंय. सुटलेल्या माणसासाठी न्यायालय हे ऐकेल का, हा प्रश्न आहे. पण जे आत आहेत त्यांना मागता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी पोराला फोन केला. मागं गाडीचा आवाज येत होता, कुणीतरी सुटे पैसे मागत होतं.

"त्यात माझं नाव येणार का, मॅडम?"

"येणार," मी म्हटलं.

"आईला विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही. याचिकेवर तारखेची जागा मी कोरी ठेवली आहे.